वस्तऱ्याने घरीच दाढी करायचीय? मग आधी हे समजून घ्या

एखाद्याला चारचौघांत झापलं की आपण म्हणतो, "त्याची बिनपाण्याने केली!" कोरड्या गालावर वस्तरा फिरला की काय होतं, हे मराठी माणसाला कधीपासून माहीत आहे. आता ब्रश, फेस आणि वस्तरा घेऊन निवांत दाढी करणारी मंडळी रील्समध्ये दिसतात. बघायला सोपं वाटतं. पण ऑर्डर टाकण्याआधी थोडं थांबा.

वस्तरा मागे का पडला?

जिलेट कंपनीने १९०३ मध्ये ब्लेड बदलता येणारा रेझर बाजारात आणला. पहिल्या वर्षी खपले फक्त ५१ रेझर. दुसऱ्या वर्षी हाच आकडा ९० हजारांवर गेला. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांना हे रेझर मिळाले आणि घरी दाढी करण्याची सवय पसरली. ब्लेड बोथट झालं की फेकून द्यायचं, धार लावायची कटकटच संपली.

मग लोक परत का वळतायत?

एक कारण म्हणजे त्वचा. अनेक पात्यांच्या रेझरमध्ये केस त्वचेच्या पातळीखाली कापला जाऊ शकतो. कुरळा केस मग आतल्या आत वाढतो आणि पुटकुळ्या येतात. एकाच पात्याने काहींचा हा त्रास कमी होतो. दुसरं कारण कचरा. वस्तरा नीट सांभाळला तर कित्येक वर्षं टिकतो.

सलूनमधला वस्तरा वेगळा असतो का?

हो, आणि इथेच बरेच जण फसतात. सलूनमध्ये बहुतेकदा अर्धं ब्लेड बसवायचा वस्तरा असतो. प्रत्येक गिऱ्हाईकाला नवं ब्लेड लावलं की हिपॅटायटिस बी, एचआयव्ही यांसारख्या संसर्गांचा धोका टळतो. खरा वस्तरा म्हणजे अखंड पोलादी पातं. जर्मनीचं झोलिंगेन आणि इंग्लंडचं शेफिल्ड ही गावं त्यासाठी प्रसिद्ध आहेत. अर्ध्या ब्लेडचा वस्तरा हलका असतो आणि कोन जरा चुकला की लगेच कापतो. त्यामुळे दोन्हींवर हात वेगवेगळा बसवावा लागतो.

शिकायचं कसं?

• अंघोळीनंतर दाढी करा. कोमट पाण्याने केस मऊ होतात.
• ब्रशने दाट, ओला फेस करा. फेस सुकला तर पुन्हा लावा.
• मोकळ्या हाताने त्वचा ताणून धरा.
• पातं गालाशी साधारण ३० अंशांत ठेवा. दाब देऊ नका, वस्तऱ्याचं वजन पुरेसं आहे.
• केसांच्या वाढीच्या दिशेने छोटे छोटे हात मारा. पातं धारेच्या रेषेत आडवं सरकवू नका, नाहीतर कापलंच म्हणून समजा.
• सुरुवातीला फक्त गाल करा. हनुवटी, ओठाची वरची बाजू आणि गळा नेहमीच्या रेझरने उरका.
• शेवटी गार पाणी आणि तुरटी.

सगळा खेळ धारेचा

दाढी ओढली जातेय, आग होतेय? बऱ्याचदा हात नाही, धार कमी पडते. दर दाढीआधी वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर २०-३० वेळा फिरवावा लागतो. पाठ पुढे, धार मागे. उलट फिरवलात तर पट्टाही कापेल आणि धारही जाईल. काही महिन्यांनी बारीक दगडावर धार लावावी लागते. ते जमत नसेल तर जाणकाराकडून करून घ्या. अनेक स्वस्त वस्तरे दाढीयोग्य धार नसतानाच विकले जातात, त्यामुळे घेताना हे विचाराच.

दाढी झाली की पातं पुसून कोरडं करा. पावसाळ्यात शिलाई मशीनच्या तेलाचा हलका हात फिरवा, नाहीतर गंज धरतो.

कुणी टाळावं?

रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, हात थरथरत असेल किंवा चेहऱ्यावर पिकलेल्या पुटकुळ्या असतील तर वस्तरा नको. लहान मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवा आणि दुसऱ्या कुणाला वापरायला देऊ नका, अगदी सख्ख्या भावालाही.

आणि हो, ऑफिसला उशीर झालेल्या सकाळी पहिला प्रयोग करू नका. रविवार त्यासाठीच असतो.