करंगळीचे माप

व्हायोला म्हणजे व्हायोलिनचे थोरले भावंड, असे आपण सहज म्हणून जातो. पन्नाशी उलटल्यावर मी व्हायोला हाती घेतला, तेव्हा पहिल्याच आठवड्यात करंगळीने दगा दिला. तिचा प्रत्येक स्वर किंचित उतरलेला. कानाला चूक कळत होती, बोट पोहोचत नव्हते. दोष हाताचा की वाद्याचा, हे शोधता शोधता मी या वाद्याच्या इतिहासात शिरलो.

आधी हिशेब. मोकळी तार षड्ज मानली, तर पहिल्या पकडीत तर्जनी रिषभावर आणि करंगळी पंचमावर पडते. म्हणजे तारेचा नववा भाग सोडून एक, तिसरा भाग सोडून दुसरी. व्हायोलिनची तार साधारण साडेबत्तीस सेंटिमीटर, व्हायोलाची सदतीसच्या आसपास. तर्जनी ते करंगळी हे अंतर व्हायोलिनवर सुमारे ७.२ सेंटिमीटर येते, व्हायोलावर ८.२. फरक एका सेंटिमीटरचा. तेवढ्यानेच माझा पंचम उतरत होता.

खरे तर हे वाद्य आणखी मोठे हवे. व्हायोला व्हायोलिनपेक्षा एक पंचम खाली लागतो. त्याच प्रमाणात पेटी वाढवायची, तर साडेपस्तीस सेंटिमीटरची लांबी त्रेपन्नच्या घरात जाते, आणि त्यावर हीच पकड जवळजवळ ११ सेंटिमीटरची होते. ती कुणाच्या हाताला पेलणार? म्हणून कारागिरांनी तडजोड केली. आजचे बहुतेक व्हायोला ३९ ते ४३ सेंटिमीटरचे असतात. खर्जाच्या तारेचा तो किंचित दबलेला, नाकातला आवाज या तडजोडीतूनच येतो. चेलोची गोष्ट वेगळी. तो गुडघ्यांत धरला, त्याची बोटे ठेवण्याची रीतच निराळी झाली. व्हायोला मात्र हनुवटीखालीच राहिला आणि व्हायोलिनची बोटे घेऊन जगला.

मोठे व्हायोला पूर्वी होतेच. स्ट्रॅडिव्हरीने १६९० मध्ये मेदिची घराण्यासाठी केलेला 'टेनर' व्हायोला फ्लॉरेन्समध्ये आहे. त्याची पेटी सुमारे ४७.८ सेंटिमीटरची. तो मूळ मापात शिल्लक आहे, हेच नवल. त्या काळच्या कितीतरी मोठ्या व्हायोलांच्या कडा कापून पुढे त्यांना लहान करण्यात आले. उत्तम कारागिरीवर करवत चालवायची, ती वादकाच्या हातासाठी! १८७६ मध्ये जर्मनीत हेर्मान रिटरने पुन्हा ४८ सेंटिमीटरचा व्हायोला पुढे आणला. वाग्नरला तो पसंत पडला, पण बहुतेक हातांना नाही.

वाद्य लहान करूनही शिकवण्याचा प्रश्न उरलाच. पॅरिसचे संगीत विद्यालय १७९५ मध्ये सुरू झाले, तिथे व्हायोलाचा स्वतंत्र वर्ग निघाला १८९४ मध्ये. तोवर व्हायोलिनमध्ये मागे पडलेल्यांच्या हाती हे वाद्य देतात, अशी तक्रार बर्लिओझने १८४४ च्या आपल्या वाद्यवृंदविषयक ग्रंथात केली होती. ती मला अतिशयोक्ती वाटत नाही. जिथे शिक्षकच नाही, तिथे डाव्या हाताची रीत घडणार कशी?

ती घडली ती उशिरा, आणि मुख्यत: वादकांनी आपापल्या हाताशी झगडून. लायनेल टर्टिस (१८७६–१९७५) लंडनमध्ये व्हायोलिन शिकत असताना व्हायोलाकडे वळला आणि बव्हंशी स्वत:च शिकला. पुढे आर्थर रिचर्डसन या कारागिराबरोबर त्याने पावणेसतरा इंचांचा, म्हणजे सुमारे साडेबेचाळीस सेंटिमीटरचा नमुना तयार केला: आवाज भरदार आणि हाताला झेपेल असा.

हाताचे म्हणाल, तर व्हायोलिनवाला तर्जनी घट्ट रोवून करंगळी पुढे ताणतो. व्हायोलावर उलटे करावे लागते: पंजाचा तोल तिसऱ्या-चौथ्या बोटावर ठेवायचा आणि तर्जनी मागे पसरायची. खर्जाच्या तारेवर जाताना कोपर वाद्याखाली आत आणायचे. अंगठा सैल. बोटाचे टोक नव्हे, मांसल भाग तारेवर टेकवायचा. आपल्याकडचे व्हायोलिनवादक मांडी घालून वाद्याचे टोक पावलावर टेकवतात, त्यामुळे डाव्या हाताला वजन पेलावे लागत नाही. हनुवटीखाली वाद्य धरणाऱ्याला ती सोय नाही.

हे कळल्यावर मी तर्जनीची खूण म्हणून पट्टीवर चिकटवलेला कागद काढून टाकला आणि करंगळीच्या जागी नवा चिकटवला. पंचम आता बहुतेक वेळा लागतो. रिषभ मात्र अजून चढाच येतो.