स्मृतीची उतरंड

आंबिवलीच्या जुन्या घरांत फोडणीच्या मोहरीसाठीं गृहिणी कल्याणच्या बाजारांत जात नसे. मोहरी हाताशीं डब्यांत, डाळ उतरंडींतील मडक्यांत, तांदूळ कणगींत; घरांतलें सरलें म्हणजे मगच शहाडावरून कल्याण गांठावयाचें. जवळचें भांडें लहान, दूरचें मोठें, हा संसाराचा नियम संगणकालाही चुकलेला नाहीं.

१९४६ सालीं बर्क्स, गोल्डस्टाइन व फॉन न्यूमन यांनीं आपल्या अहवालांत हें ओळखलें होतें. अमर्याद आणि तत्काळ हातीं येणारी स्मृति मिळणें अशक्य. म्हणून एकाहून एक मोठ्या, परंतु मंद, स्मृतींची उतरंड रचणें भाग. १९६२ सालच्या मँचेस्टर येथील ॲटलस यंत्रानें या भांड्यांतील ने-आण आपल्याच शिरावर घेतली. प्रोग्राम लिहिणारास सारी स्मृति एकसंध दिसूं लागली.

एका स्वयंपाकिणीचें त्यानें भागलें. परंतु चौघी एकाच वेळीं चुलीपाशीं बसल्या, आणि सर्वांचे हात एकाच डब्यांत गेले, म्हणजे काय? टोनी होअर यांच्या १९७८ सालच्या विचारांवर आधारून ब्रिस्टलच्या इनमॉस कंपनींत डेव्हिड मे यांनीं १९८३ च्या सुमारास ‘ऑकम’ भाषा रचली. प्रत्येकीनें आपलें साहित्य आपल्यापाशीं ठेवावें व हवें तें दुसरीकडून मागून घ्यावें, हा तिचा दंडक. ती ज्या ‘ट्रान्सप्युटर’साठीं निर्माण झाली, त्याच जातीच्या टी-८०० प्रोसेसरांवर पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें, विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं, १९९१ सालीं ‘परम ८०००’ उभा केला. त्या प्रत्येक प्रोसेसरच्या पोटांत अवघी चार किलोबाइट स्मृति होती आणि शेजाऱ्यांशीं बोलावयास चार दुवे होते.

पण ट्रान्सप्युटरचें युग लवकर ओसरलें. परमच्या पुढील पिढींत निराळे प्रोसेसर आले, आणि प्रत्येकाची उतरंड निराळी. ज्यानें जुन्या यंत्रांतील भांड्यांचीं मापें आपल्या प्रोग्रामांत कोरून ठेविलीं होतीं, त्याचे अनेक महिन्यांचे श्रम नव्या यंत्रावर मंदावले. शास्त्रज्ञानें प्रत्येक वेळीं पहिल्यापासून आरंभ करावा काय, हा खरा प्रश्न होता.

यावर दोन उत्तरें पुढें आलीं. १९९९ सालीं फ्रिगो, लायसरसन, प्रोकोप व रामचंद्रन् यांनीं दाखविलें कीं, काम निम्म्यानिम्म्यानें विभागीत गेल्यास केव्हां तरी तुकडा जवळच्या भांड्यांत मावतोच. माप ठाऊक असण्याची गरज नाहीं. उलट २००६ सालीं स्टॅनफर्डच्या ‘सेक्वोया’ भाषेनें उतरंड उघडपणें मान्य केली. तींत प्रत्येक कार्य आपल्यापुढें वाढलेल्या साहित्यावरच चालतें, मोठें कार्य लहान कार्यांत वांटलें जातें. मात्र कोणत्या यंत्रावर किती मोठे तुकडे करावयाचे, याची नोंद निराळी असते. त्यामुळें एकच प्रोग्राम सेल प्रोसेसरवर आणि साध्या संगणकांच्या समूहावरही चालविणें शक्य झालें.

दोन्हीं मार्गांचें मर्म एकच. पाककृतींत कृति असावी. फळीवरच्या डब्याचें माप तींत लिहूं नये. घर बदललें तरी स्वयंपाक मग नव्यानें शिकावा लागत नाहीं.