‘द्या’ आणि ‘गिव्ह’ : खानदेशातील इंग्रजीशिक्षण आणि आदराचा प्रश्न

खानदेश १८१८ मध्ये इंग्रजी अमलाखाली आला. १९०६ मध्ये त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. जळगाव आणि धुळे ही त्यांची मुख्य ठाणी. या प्रदेशात इंग्रजी रुजली ती बोलण्याची भाषा म्हणून नव्हे, तर अर्जाची आणि भाषांतराची भाषा म्हणून. महाराष्ट्रात अन्यत्र चालणारी तर्खडकरी पाठमालेची पद्धत येथेही चालली. तिने वाक्य शुद्ध करावयास शिकविले. ते कोणापुढे शोभते, हे मात्र शिकविले नाही. सौजन्याचा एकच नमुना विद्यार्थ्याच्या हाती आला : ‘आय बेग टु स्टेट’ने सुरू होणारा अर्ज. म्हणजे नम्रता शिकविली गेली ती याचकाची.

प्रश्नाचे मूळ भाषारचनेत आहे. मराठीत आदर सर्वनामात आणि क्रियापदात वसतो. ‘ते पुस्तक द्या’ या वाक्यात ‘कृपया’ नसूनही उद्धटपणा नाही. ‘द्या’ हे रूपच मान राखते. ‘गिव्ह मी दॅट बुक’ असे भाषांतर होताच तो मान गळून पडतो. इंग्रजीतील एकेरी ‘दाऊ’ सर्वसाधारण व्यवहारातून केव्हाच मागे पडले. तेथे आदर ‘कुड यू’सारख्या प्रश्नार्थक, आडवळणाच्या रचनांत शोधावा लागतो. उलट घरातल्या माणसाचे आभार मानणे मराठीत परकेपणाचे ठरते, इंग्रजीत तो रोजचा शिष्टाचार आहे.

व्याकरणशुद्धतेहून वेगळी अशी संप्रेषणक्षमता असते, हा विचार डेल हाइम्स यांच्या १९७२ च्या लेखाने रूढ केला. जेनी थॉमस यांनी १९८३ मध्ये दाखविले की, व्याकरणातील चूक अज्ञान मानली जाते, औचित्यातील चूक मात्र स्वभावदोष. खानदेशात हा अन्याय दुहेरी होतो. अहिराणी किंवा तावडी बोलणारे मूल आधी प्रमाण मराठीचे आदरसंकेत शिकते, मग इंग्रजीचे; आणि दोन्हीकडे त्याच्यावर ‘गावंढळ’ हा शिक्का बसू शकतो.

१९९० मध्ये जळगावला विद्यापीठ आले. २००० पासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आली. परंतु इंग्रजी लवकर सुरू केल्याने औचित्य आपोआप येत नाही. ‘द्या’मधला आदर विद्यार्थ्याला आधीच ठाऊक असतो; इंग्रजीत तो कोठे ठेवावयाचा, एवढेच त्याला दाखवावयाचे असते. शिक्षणाचा आरंभ त्या ठाऊक असण्यापासून झाला, तर त्याला उद्धट ठरण्याचे भय उरणार नाही आणि लाचार होण्याचे कारणही.