सोडलेल्या कामाचे मोल

मजुरी किती पडली हे मुकादमाच्या वहीत दिसते; ती मिळवण्यासाठी मजुराने कोणते काम सोडले हे कुठेच दिसत नाही. या सोडलेल्या कामाच्या मोलाला अर्थशास्त्र संधी-खर्च म्हणते. चंद्रपूर-गडचिरोलीत हा खर्च मजुराच्या निवडीपेक्षा कायद्याने जास्त ठरवला. 1945 मध्ये बल्लारपूरच्या कागद गिरणीची कंपनी स्थापन झाली आणि पुढे आसपासच्या जंगलातला बांबू गिरणीचा कच्चा माल झाला. 1927 च्या वन कायद्याने बांबू झाडांत गणला होता. त्यामुळे इथल्या गोंड कुटुंबाने तो तोडून विकला तर गुन्हा, गिरणीसाठी तोडला तर रोजी. तेंदूपानाचा व्यापारही 1969 च्या कायद्याने राज्याच्या हाती गेला. विकण्याची वाटच बंद असल्याने तोडणीची तुटपुंजी रोजीही फायद्याची दिसे.

याचा पडताळा धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने दिला. 2006 च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज ठरवले आणि 2009 मध्ये गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला तो 27 एप्रिल 2011 रोजी. मधल्या काळात हक्क कागदावर होता, पण बांबू गावाबाहेर नेऊन विकता येत नव्हता. म्हणून रोजी तोलायला दुसरे पारडे रिकामेच होते. परवाना हाती आल्यावर प्रश्न बदलला: रोजी किती, याऐवजी स्वतःचा बांबू विकून मिळेल त्यापेक्षा ती जास्त का?

धान निघाल्यावर हात रिकामेच असतात, मग कमी मजुरीत काय गेले, असा आक्षेप येतो. पण मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचायची असतात, त्याआधी तेंदूची खुटकटाई म्हणजे झुडपांची छाटणी, नंतर पानतोडणी. मोह बराचसा घरातच लागतो, म्हणून वहीत येत नाही. त्यावरून हात रिकामे होते असे ठरत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: रोजी ठरलेली असते, विक्रीत भाव पडतो, व्यापारी पैसे थकवतो. ही जोखीम विक्रीच्या मिळकतीतून वजा केलीच पाहिजे, आणि ती वजा करून एखाद्याने रोजी पत्करली तर ते शहाणपणच. मात्र तशी निवड करायला आधी विकण्याचा हक्क हवा. म्हणून इथली मजुरी स्वस्त आहे असे कोणी म्हणाले, की त्या मजुराला कोणते काम करायला मनाई होती, हे आधी विचारावे.