आरोपाचं गाणं झालं, निकालाचं राहिलं

बिग ब्लॅक हे नाव आपल्याकडं फार कुणी ऐकलं नसेल. शिकागोचा बँड. १९८६ साली त्यांचा 'ॲटोमायझर' हा पहिला पूर्ण अल्बम आला. प्रकार नॉइज रॉक. गिटार पत्रा कापल्यासारखी कर्कश, आणि ड्रमर नाहीच, त्याच्या जागी रोलँड कंपनीचं मशीन ठोके देतंय. पहिल्यांदा ऐकाल तर डोकं उठेल. छोट्या गावातल्या कंटाळ्यावरचं 'केरोसीन' मात्र जबरदस्त आहे, मला आवडतं. पण पत्रकार म्हणून मला खुपतं ते अल्बममधलं पहिलंच गाणं, 'जॉर्डन, मिनेसोटा'.

जॉर्डन हे खरंखुरं गाव, मिनिॲपोलिसच्या जवळ. १९८३ मध्ये तिथं लहान मुलांच्या लैंगिक शोषणाचं प्रकरण उघड झालं. बघता बघता दोन डझनांच्या आसपास माणसं आरोपी झाली, त्यात मुलांचे आई-बापसुद्धा. देशभर बातमी गाजली. अख्खं गावच सामील, असं चित्र उभं राहिलं.

पुढं काय झालं? एकानं गुन्हा कबूल केला. एका जोडप्याला ज्युरीनं निर्दोष सोडलं. ऑक्टोबर १९८४ मध्ये उरलेल्या २१ जणांवरचे आरोप सरकार पक्षानं मागं घेतले. १९८५ मध्ये राज्याच्या ॲटर्नी जनरलचा अहवाल आला. मुलांना पुन्हा पुन्हा इतकं विचारलं गेलं, की त्यांच्या जबाबांवर विसंबणं अवघड झालं. म्हणजे ज्या मुलांवर खरंच अत्याचार झाला त्यांना न्याय नाही, आणि ज्यांनी काही केलं नव्हतं त्यांचा डागही पुसला नाही.

अल्बम आला तो या सगळ्यानंतर. तरी गाणं गावाला दोषी धरूनच चालतं. आणि ते लिहिणारा स्टीव्ह अल्बिनी नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात पत्रकारिता शिकलेला! २०२४ मध्ये तो गेला. गाणं अजून ऐकलं जातं. अहवाल कोण वाचतंय?

आपल्या तालुक्यात तरी वेगळं काय चालतं? अटकेची बातमी पहिल्या पानावर, फोटोसकट. पाच-सात वर्षांनी सुटका झाली की आतल्या पानावर चार ओळी, त्याही जागा उरली तर. व्हॉट्सॲपवर तर तेवढंही नाही.

मित्रांनो, एक करा. अटकेची बातमी फॉरवर्ड केली असेल, तर तारीख लिहून ठेवा आणि निकाल लागला की तोही त्याच ग्रुपवर टाका. मग तो कुणाच्याही बाजूनं असो.