नाइन-बॉल पूल

विसाव्या शतकात अमेरिकेत रूढ झालेला क्यूने खेळायचा प्रकार. नऊ फुटी टेबलावर १ ते ९ क्रमांकांचे चेंडू असतात. पांढऱ्या चेंडूने दर वेळी सर्वांत लहान क्रमांकाच्या चेंडूला आधी स्पर्श करावा लागतो. ९ चा चेंडू नियमानुसार खिशात घालणारा डाव जिंकतो. नेम हेच यातले खरे कौशल्य, असा सर्वसाधारण समज आहे. पण पुढचा चेंडू नियमानेच ठरलेला असल्याने डाव उभा राहतो तो पांढरा कुठे थांबतो यावर. ३ खिशात गेला आणि पांढरा ५ च्या आड अडकला, तर ४ वर थेट नेम धरताच येत नाही. म्हणून कसलेला खेळाडू मध्याखाली क्यू मारून पांढरा मागे खेचतो, बाजूची फिरकी देऊन कडेवरून वळवतो. आणि पुढच्या चेंडूसाठी थोडा कोन मुद्दाम राखतो, कारण अगदी सरळ फटक्यात पांढरा बाजूला नेणे फार अवघड.

नशिबाचा वाटा मोठा, हा आक्षेप निराधार नाही. प्रचलित नियमांत खिसा आधी सांगावा लागत नसल्याने अनपेक्षितपणे गेलेला ९ सुद्धा डाव देतो. मात्र सामना अनेक डावांचा असतो, आणि वाट बंद असताना कडेवर आपटून चेंडू गाठण्याचे कसब नशिबाने येत नाही. १९९९ मध्ये कार्डिफ येथे जगज्जेते ठरलेले फिलिपीन्सचे एफ्रेन रेयेस अशाच सुटकेसाठी विख्यात आहेत. स्पर्श चुकल्यास प्रतिस्पर्धी पांढरा हवा तिथे ठेवू शकतो. म्हणून बचावाचा फटका भेकडपणाचा नव्हे, कित्येकदा तोच डाव फिरवतो.