वृक्कद्रोणी

रत्नागिरीकडच्या आगरांत रहाटाचे पाणी ज्या लांबट दोणीत पडते आणि तेथून पाटाने पोफळींच्या मुळाशी जाते, त्या दोणीचे नाव संस्कृतातील ‘द्रोणी’पासून, म्हणजे पाणी साठवणाऱ्या पन्हळवजा पात्राच्या नावापासून आले असून, तोच शब्द शरीरशास्त्राने मूत्रपिंडातील नरसाळ्याच्या आकाराच्या पोकळीला दिला. ‘वृक्क’ म्हणजे मूत्रपिंड. त्यात गाळलेले मूत्र प्रथम या द्रोणीत जमते आणि सुमारे 25 ते 30 सेंटिमीटर लांबीच्या मूत्रवाहिनीतून मूत्राशयात उतरते. विशेष म्हणजे ग्रीकमधील ‘प्येलॉस’चा अर्थही दोण किंवा टाकी असाच असून, तेथील जंतुसंसर्गाचे ‘पायलोनेफ्रायटिस’ हे नाव त्यावरूनच पडले. द्रोणीच्या तोंडाशी मुतखडा, म्हणजे आयुर्वेदातील अश्मरी, अडकला की मूत्र मागे तुंबून मूत्रपिंड फुगते आणि पाठीकडून जांघेकडे कळा सरकतात. अश्मरीवर आयुर्वेदाने सांगितलेला कुलत्थ म्हणजे कोकणच्या रोजच्या पिठीतला कुळीथ. मात्र कळांसोबत थंडी वाजून ताप भरल्यास कुळथाच्या काढ्यावर विसंबून राहणे धोक्याचे असते, कारण तुंबलेल्या मूत्रातील संसर्ग रक्तात पसरू शकतो आणि ते मूत्र तातडीने बाहेर काढावे लागते.